शेंड्यावरचा दवाखाना

वेळ सकाळची, जागा नदीकाठच्या अर्जुनवृक्षाखालची. फार पूर्वी जंगलाचा दवाखाना या झाडाच्या शेंड्यावर होता. साळिंदरीण तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन खाली उभी होती.

"वैद्यबुवा, खाली या हो! पोर डोळे उघडत नाही."

"दवाखाना सर्वांना खुला आहे," वानरवैद्य वरूनच म्हणाला. "वर या."

"आम्हाला चढता येतं का? निदान औषधाची मुळी तरी टाका. आम्हीच खणून दिलीय ती!"

"तपासल्याशिवाय औषध नाही. नियम आहे, बाई."

दुपारी पिल्लू गेलं. संध्याकाळच्या सभेत वैद्याने छाती फुगवून सांगितलं, "आज दारातून एकही रुग्ण परत पाठवला नाही." सभेने टाळ्याही वाजवल्या.

त्याच झाडाच्या बुंध्यात एक कोरडी, ऐसपैस ढोली रिकामी पडून होती. दवाखाना तिथे का नव्हता, याचं उत्तर आजवर कुणीही दिलेलं नाही.