मठाचं कुलूप

वसईत प्लेगने थैमान घातलेलं, आणि मदर एस्कोलास्तिकांनी नुकत्याच स्थापलेल्या संघातल्या सिस्टर्स घरोघर रोग्यांची सेवा करत होत्या. एके दिवशी बिशपांचे कारभारी फादर तेलिस भलंमोठं कुलूप घेऊनच मठात थडकले!

"व्रतस्थ बायकांनी गावभर हिंडायचं? प्रभू चॅपलमध्ये आहे, तिथे बसा. आजपासून फाटक बंद, नाहीतर संघ बरखास्त!"

मदर हसल्या. "फादर, सकाळी घंटी वाजवत कुठे निघाला होतात?"

"प्लेगने मरायला टेकलेल्या इनासकडे, कम्युनियन घेऊन. त्या पवित्र भाकरीत साक्षात प्रभू असतो! मरणाऱ्याच्या ओठी प्रभू नको?"

"म्हणजे प्रभू स्वतः प्लेगच्या घरात गेला?"

"गेलाच!"

"मग धनी बाहेर पडल्यावर दासींनी आतून कडी लावून बसायचं?"

फादरांनी कुलूप मदरांच्या हाती ठेवलं. कुलूप शेवटी लागलं, पण मठाच्या तांदळाच्या कोठीला.