इरगोंडा वस्तादांनी बांधलेला जोड

वस्तादांनी बांधलेला वायरींचा जोड सोडायचा नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही. जयसिंगपूरच्या त्या गॅरेजात पाना हातात देण्याआधी प्रत्येकाला हे एकदाच सांगितलं जाई.

शलाका मगदूमला सांगून दोन वर्षं झाली होती.

"पण का?" तिनं आज विचारलं.

इरगोंडा वस्ताद गाडीच्या डॅशबोर्डखाली मान घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"का काय? न्हाई सोडायचा म्हंजे न्हाई सोडायचा."

गाडी वैजयंता देसाईंची होती. एसी लावला की पहिली दहा मिनिटं गार वारा जोरात यायचा. मग आतला पंखा, म्हणजे ब्लोअर, दमत जायचा आणि गाडीची भट्टी व्हायची. बाईंना दुपारी वडिलांना घेऊन हुबळीच्या दवाखान्यात जायचं होतं. वडील मागच्या सीटवर असणार, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर.

"एसी नसेल तर एवढा प्रवास त्यांना झेपायचा नाही," त्या सकाळी म्हणाल्या होत्या. "आणि वस्ताद, अधूनमधून कसलातरी जळका वास येतो हो."

किल्ली देऊन त्या औषधांच्या दुकानात गेल्या होत्या.

वस्तादांनी आपला टेस्ट लॅम्प काढला. जुना, वायरच्या टोकाला बल्ब लावलेला. ब्लोअर बंद ठेवून त्यांनी वायरीला टोचला. बल्ब लख्ख पेटला.

"बघ. करंट येतोय. वायर चांगली, जोड चांगला. मोटर गेली. नवी टाक."

"नवीही दहा मिनिटांनी दमेल."

"तुला काय सपान पडलं?"

"बल्बला चिमूटभर करंट पुरतो, वस्ताद. ब्लोअरला ओंजळभर लागतो. चिमूटभर मागितल्यावर वायर हो म्हणणारच. ओंजळ मागून बघा."

दारातल्या बाकावर दोघे बसले होते. एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक तातोबा अण्णा, आणि शेजारचे रेडिएटरवाले मुसाभाई. रोज सकाळी त्यांचा चहा इथंच व्हायचा.

"इंजिनेरबाई," अण्णा म्हणाले, "चहा गरम हाय का गार, ते बी मीटरला विचारून पिता का?"

मुसाभाई हसले. शलाका हसली नाही.

तिनं इंजिन चालू केलं, ब्लोअर पूर्ण जोरावर ठेवला. डॅशबोर्डखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला वस्तादांचा जोड लोंबत होता. तिनं टेपला हात लावला नाही. जोडाच्या अलीकडे एक सुई टोचली, पलीकडे एक, आणि दहा मिनिटं जाऊ देऊन दोन्हींना मीटर लावला.

"दोन पॉइंट तीन," ती म्हणाली. "एवढे व्होल्ट ह्या जोडातच राहतात. पलीकडे जातच नाहीत."

"राहत्यात तर राहू देत."

"राहून काय करतात, वस्ताद?"

वस्तादांनी टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळायला घेतली.

काय करतात ते तिला ठाऊक होतं. तापतात.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी ब्लोअर बंद पडला म्हणून आली होती. शलाकाचा तो पहिला आठवडा. वस्तादांनी मूळची वायर आणि फ्यूज बाजूला ठेवून बॅटरीपासून सरळ नवी वायर ओढली आणि पिळून जोडली. डायरेक्ट. टॉर्च शलाकानंच धरला होता. ह्याला फ्यूज कुठाय, हा प्रश्न तिच्या अगदी ओठावर आला होता... आणि तिनं तो गिळला होता.

"मी जोड सोडते," ती म्हणाली.

"हात लावशील तर बघ."

"मग तुम्ही लावा."

"काय?"

"मीटरवर विश्वास नाही ना तुमचा? राहू दे मीटर. तुमचाच हात, तुमचाच जोड. धरा मुठीत."

बाकावर अण्णांचं तंबाखू मळणं थांबलं.

ब्लोअर दमायला लागला होता. आवाज घोगरा झाला होता. वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग हात आत घातला आणि जोड मुठीत घेतला.

...

त्यांचा जबडा आवळला. कपाळावर घाम उभा राहिला.

"सोडा, वस्ताद."

त्यांनी सोडला नाही. तिच्याकडेच बघत राहिले.

तिच्या लक्षात आलं, हा माणूस हात भाजून घेईल, पण मूठ उघडणार नाही.

तिनं किल्ली फिरवून ब्लोअरचं बटणही बंद केलं. इंजिन बंद झालं. पंखा थांबला.

"आता तरी सोडा."

मूठ उघडली. वितळलेला टेप तळहाताला चिकटून आला. खालची कातडी लालभडक झाली होती.

शलाकानं बादलीभर पाणी आणून पुढ्यात ठेवलं. वस्तादांनी हात पाण्यात बुडवला.

मग तिनं जोड सोडला. ह्या खेपेला कुणाची परवानगी मागितली नाही.

आत तांबं काळं पडलं होतं, मध्ये हिरवी भुकटी जमली होती. वायरीचं प्लास्टिक वितळून खालच्या गालिच्यापर्यंत ओघळलं होतं. गालिच्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा करपलेल्या. तिनं गालिचा उचलून तिघांना दाखवला.

मुसाभाईंनी जीभ चावली.

"वर सिलिंडर," ते पुटपुटले.

पुढचा तासभर तिनं मान वर केली नाही. जळलेला तुकडा कापून टाकला, नवी वायर घातली, टोकं सोल्डरचा डाग देऊन पक्की केली, आणि बॅटरीशेजारी फ्यूज बसवला. अर्धा तास एसी जोरावर चालवला. वारा एकसारखा, गार. मीटर पुन्हा लावला तेव्हा काटकसरी माणसानं चहात साखर टाकावी तेवढाच आकडा दिसला.

"झालं?" वस्तादांनी विचारलं. हात अजून बादलीतच होता.

"झालं."

रस्त्यापलीकडून वैजयंताबाई येताना दिसल्या. हातात औषधांची पिशवी.

अण्णा घाईनं उठले. "हे बघ पोरी. बाई विचारतील. उंदरानं वायर कुरतडली म्हणून सांग."

"कुठला उंदीर?"

"कुठला म्हंजे? कुठलाबी! सगळी गॅरेजवाली सांगत्यात."

"उंदराला कुठं वाईट वाटतंय?" मुसाभाई म्हणाले. "आणि गाडी तर दुरुस्त झालीच की. कुणाचं नुकसान हाय त्यात?"

"चाळीस वर्सांचं नाव हाय ह्यांचं," अण्णांनी आवाज खाली आणला. "कोल्हापूरपासनं लोक येत्यात. तुला हितं काम शिकीवलं त्यांनी. तुझ्या त्या कालिजानं शिकीवलं हुतं का ब्लोअर उघडायला?"

नव्हतं शिकवलं. डिग्री घेऊन ती चार गॅरेजांच्या दारात उभी राहिली होती. चौघांनीही मुलगी म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. वस्तादांनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, "करंटला भितीस का?"

तिनं वस्तादांकडे पाहिलं.

वस्ताद पाण्यातल्या हाताकडे बघत होते.

"तुमचं काय म्हणणं?"

"तुझी मर्जी," ते म्हणाले. "बाई माझ्या हातची गाडी म्हणून हितं येत्यात... उद्यापास्नं तू हितं यायचं का न्हाई, त्याचा बी इचार कर आन् मग बोल."

वैजयंताबाई आत आल्या. गाडीतून येणारा गार वारा त्यांच्या तोंडावर आला. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! झालं की. काय निघालं शेवटी?"

"उंदीर हो," अण्णा म्हणाले. "ह्या दिवसांत लई—"

"उंदीर नव्हता," शलाका म्हणाली.

अण्णांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मुसाभाई खाकरले.

"जोड आमचा होता. ह्याच गॅरेजात बांधलेला. ढिला होता, तापत होता, आणि त्याला फ्यूज नव्हता. तुम्हाला यायचा तो वास त्याचाच." तिनं गालिच्याचं भोक दाखवलं. "वाटेत आग लागली असती."

बाईंनी भोक पाहिलं. मागच्या सीटवर नजर गेली. हातातली पिशवी खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना.

"आणि दोन वर्षं मी..." त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं मी बाबांना ह्यात बसवत होते! वस्तादांनी केलंय म्हणून डोळे झाकून! आता कुणावर भरवसा ठेवायचा मी? तुझ्यावर?"

"पोरी, पुरे," अण्णा म्हणाले. "माफी माग वस्तादांची आन् आत जा."

"नाही मागणार."

तिनं गाडीचं बॉनेट उचललं आणि बॅटरीशेजारी बसवलेल्या लहानशा फ्यूजवर बोट ठेवलं.

"भरवसा नका ठेवू, ताई. माझ्यावरही नको. हा त्यासाठीच बसवलाय. आमचं पुन्हा चुकून वायर उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर हा जळेल, तुमची गाडी नाही."

अण्णा बाकावर जाऊन बसले. मुसाभाई जमिनीकडे बघत राहिले. वस्तादांनी बादलीतून हात काढला, तळवा वर करून गुडघ्यावर ठेवला...

वैजयंताबाईंनी औषधांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि त्या गाडीत बसल्या.