मागचा टायर पुढे आला

सायकलचे टायर एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या एका कॉलनीत हेमांगी रोज सकाळी पळायची आणि तिचे बाबा सायकलवरून तिच्या जोडीने निघायचे. सायकलचे दोन्ही टायर सख्खे भाऊ. मागचा धाकटा सारखा कुरकुरायचा, “दादा, तुला मोकळा रस्ता आणि मला तुझी धूळ!”

“खा गपचूप, अंगाला लागेल,” दादा हसायचा.

एके दिवशी दादा काचेवर गेला आणि फाटला, तो कायमचाच. मागे ओझं जास्त म्हणून मिस्त्रीने तिथे नवा टायर चढवला आणि धाकट्याला पुढे घातलं.

धाकटा रडतच निघाला. वळणावर त्याच्या अंगात बाभळीचा काटा रुतला, पुढे खडीने सोलून काढलं. हे सगळं आजवर दादाने आधी सोसलं होतं आणि एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

“दादा, भांडायला तरी परत ये रे,” तो पुटपुटला.

तेवढ्यात मागून नवा टायर म्हणाला, “काका, रस्ता किती छान आहे हो!”

काटा मागे पडू नये म्हणून धाकट्याने तो घट्ट धरून ठेवला.

“असणारच बाळा,” तो म्हणाला, “माझा दादा गेलाय ना त्यावरून.”