दोन टक्क्यांचं घर

मिरजेत गोदाक्कांच्या वरच्या मजल्यावर जुबेदा नर्स नऊ वर्षं भाड्यानं राहत होती. भाडं चार हजार. अकरा महिन्यांचा करार संपत आला, तेव्हा अक्कांच्या पुण्यातल्या मुलानं मगदूम नावाचे गुंतवणूक सल्लागार घरी पाठवले.

मगदूमांनी कॅल्क्युलेटर काढला. "अक्का, घर पंचवीस लाखांचं, उत्पन्न दोन टक्केसुद्धा नाही. वरच्या नर्सला जागा रिकामी करायला सांगा. मी आठ हजारांचा भाडेकरू आणतो."

जुबेदा अक्कांचं इन्सुलिन घेऊन दारातच थांबली. तिचा चेहरा उतरला.

अक्कांनी चहा पुढे केला. "तुमच्या आईला कोण बघतं हो?"

"चोवीस तासांची बाई आहे. महिना अठरा हजार. पण आई तिच्याशी बोलत नाही."

"ही पोरगी मला रोज सुई टोचते, रात्री हाकेला खाली येते, शिवाय मी साखर खाल्ली म्हणून भांडते. तुमचे ते अठरा हजार माझ्या भाड्यात मिळवा आणि मग टक्के सांगा."

मगदूमांनी आकडे दाबले. साडेदहा टक्के आले. त्यांनी कॅल्क्युलेटर बंद करून खिशात ठेवला.

"अक्का, हिचा करार मी आजच करून देतो," ते हळू आवाजात म्हणाले. "वर हिच्या शेजारची खोली रिकामी आहे का? आईसाठी विचारतोय."