चांगल्या पायाची साक्ष

“माप कुठल्या पायाचं घेऊ?”

म्हाताऱ्यानं विचारलं आणि रजनीबाईंच्या कपाळाला आठी पडली.

“दोन्हीचं. जोडा म्हटलं की दोन पाय आलेच ना?”

“मग एकच का पुढे केलात?”

...

खरंच एकच केला होता. डावा. लहानपणी पोलिओनं वाळलेला, उजव्यापेक्षा दीड इंच आखूड. उजवा आपला स्टुलाखाली, बूट घालून गप्प बसलेला.

रजनी थोपट्यांना प्रश्न विचारलेला खपत नसे. एकतीस वर्षं त्या न्यायाधीश होत्या. विचारायचं त्यांनी आणि उत्तर द्यायचं लोकांनी. चेंबरचं दार उघडायचं, पट्टेवाला पुकारायचा, अख्खं कोर्ट उठून मान लववायचं, आणि माना वर होईस्तोवर बाई खुर्चीत बसलेल्या असायच्या. दारापासून खुर्चीपर्यंत चार पावलं. एवढ्या वर्षांत त्यांचं लंगडणं धड कोणी पाहिलं नव्हतं.

निवृत्त झाल्या आणि ती चार पावलांची सोय संपली.

त्यात शाळेचं पत्र आलं. पाटणच्या खोऱ्यातली त्यांची शाळा जानेवारीत पंचाहत्तर वर्षांची होणार होती, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून त्याच हव्या होत्या. फाटकापासून व्यासपीठापर्यंत हे भलंमोठं पटांगण! थोरली बहीण हौसाक्का त्यांना कडेवर घेऊन याच पटांगणातून वर्गापर्यंत न्यायची, आणि पोरं ओरडायची, “कडेवरची आली रे, कडेवरची आली!”

साठी उलटली, पण ते ओरडणं काही कानातून जाईना. ते पटांगण एकदा तरी आपल्या पायांनी, न लंगडता, कुणाचा हात न धरता ओलांडायचं. हट्ट म्हणा की नवस म्हणा, बाईंचं मागणं एवढंच होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं होतं. बुडापेस्टमधल्या एका गल्लीत बसून हातानं जोडे शिवतो, आणि पाय पाहिल्याशिवाय काम घेत नाही. नाव गाबोर. लोक म्हणतात गाबोर बाची. बाची म्हणजे आपल्याकडचं काका.

“गावाचं नावच बुडा, आणि तू तिथं तरायला निघालीस होय गं?” हौसाक्का म्हणाली होती. म्हणाली, पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून सोबत निघाली. रजीला एकटीला सोडायची तिला सवयच नव्हती.

दुकान कसलं, एक खोली होती ती. भिंतभर लाकडी पावलं टांगलेली. एकेका गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेली, त्याच्यावर चामडं ताणून जोडा शिवायचा. हौसाक्कानं दारातून आत पाहिलं, हात जोडले आणि चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या.

“अक्का! इथं चपला काढत नाहीत.”

“एवढ्या पादुका मांडल्यात, आणि मी चपला घालून जाऊ? भलतंच!”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगातल्या एवढ्या लांबच्या चांभाराच्या दारात चपला काढणारी ही पहिलीच असेल.

गाबोर बाची मात्र उठले होते. बाहेर जाऊन त्यांनी त्या रबरी चपला स्वतः उचलून आणल्या, उलट्या केल्या, तळ बराच वेळ न्याहाळले आणि आपल्या हत्यारांशेजारी ठेवून दिल्या. त्यानंतर त्यांनी मापाचा तो प्रश्न विचारला होता. तरुणपणी ते लंडनला राहिलेले, तेव्हा इंग्रजी मोजकं पण नीट बोलायचे.

बाईंनी पिशवीतून फाइल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. क्ष-किरणांचे फोटो, अहवाल, चाळीस वर्षांचे कागद.

“यात सगळं आहे. वाचून घ्या.”

म्हाताऱ्यानं फाइल उघडलीच नाही. वजन केल्यासारखी हातात तोलली.

“हे सगळं डाव्याचं?”

“अर्थात.”

“उजव्याचा कागद कुठाय?”

“त्याचा कशाला? तो चांगला आहे.”

...

गाबोर बाची गुडघ्यांवर बसले. गळ्यातला चामड्याचा एप्रन काढून त्यांनी तो बाईंच्या डाव्या पायावर हलकेच पांघरला आणि उजव्या पायाच्या बुटाच्या नाडीला हात घातला.

“हरकत आहे माझी!” वर्षानुवर्षं वकिलांकडून ऐकलेलं बाईंच्या तोंडून निघून गेलं. “मी त्या पायासाठी आलेय!”

“तुम्ही काय काम करायचात?”

“न्यायाधीश होते.”

“आणि एकाच बाजूचं ऐकायचात?”

असं तोंडावर बोलायची हिंमत आजवर एकाही वकिलाची झाली नव्हती. बाई रागानं लाल झाल्या.

म्हाताऱ्यानं उजवं पाऊल मांडीवर घेतलं. बाई चटकन आखडल्या. बापाच्या वयाचा माणूस आणि पायाला हात लावतोय, कसंतरीच झालं त्यांना. तोवर बाचींचा अंगठा घोट्याच्या आतल्या बाजूला, जरासा खाली दाबला गेला होता.

“आई गं!”

“काय झालं गं रजे?” हौसाक्का दारातून धावलीच.

“काही नाही अक्का. तू थांब तिथं.”

“किती वर्षं दुखतोय?” बाचींनी विचारलं.

“हा नाही दुखत. सांगितलं ना, हा चांगला...”

अंगठा पुन्हा दाबला गेला. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“किती वर्षं?”

...

“माहीत नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “कधी विचारलंच नाही.”

बाचींनी जमिनीवर कागद पसरला, बाईंना त्यावर अनवाणी उभं केलं आणि पेन्सिल पावलाभोवती फिरवली. मग कागद उचलून दाखवला. चवडा पसरलेला होता, तळव्याची कमान पार बसलेली, बोटं जमीन धरून धरून वाकडी झालेली. आपला चांगला पाय रजनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला.

“डावा नुसता लहान आहे,” म्हातारा म्हणाला. “त्याला दीड इंचाची टाच दिली की झालं, ते सोपं काम. दमलाय तो हा.”

“लंगडणं जाईल?”

“नाही. कमी होईल.”

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. “मग एवढ्या लांब मी आले कशाला?”

“पटांगण केवढं आहे?” पत्राची हकिकत त्यांना बाईंनी आधीच कळवली होती.

“असेल दोनशे पावलांचं.”

“दोनशे चालाल. परत येताना आणखी दोनशे. रात्री पाय चोळत बसावं लागणार नाही.”

परत येताना! बाईंनी व्यासपीठापर्यंत पोचायचाच विचार केला होता. तिथून परतही चालत यायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि येता येईल म्हणतोय हा. लंगडत का होईना, पण पोरांशी बोलत, पटांगणातल्या चिंचेखाली घटकाभर थांबत. इतकं हलकं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

“करा,” त्या म्हणाल्या. “लंगडले तर लंगडले.”

गाबोर बाची हसले. मग वळून त्यांनी हत्यारांशेजारच्या रबरी चपला उचलल्या.

“या कुणाच्या?”

“माझ्या बहिणीच्या. तिचं मनावर घेऊ नका, ती जरा...”

“नव्या आहेत. तरी डावी बाहेरच्या अंगानं झिजलीय.” त्यांनी तळावरून बोट फिरवलं. “हिनं डाव्या बाजूला काहीतरी जड वाहिलंय. बरीच वर्षं. काय होतं ते?”

...

बाईंनी दाराकडे पाहिलं. हौसाक्का भिंतीवरची लाकडी पावलं बघत उभी होती, डावी कंबर बाहेर काढून, तिच्यावर पिशवी टेकवून. कायम अशीच उभी राहायची ती. चुलीपुढे, नळावर, लग्नाच्या मांडवात. साठ वर्षं बाईंनी ते पाहिलं होतं. अक्काची ढबच तशी, असं त्या समजून चालल्या होत्या.

“मी,” रजनीबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि दुसरा कोरा कागद पसरला.

“त्यांना बसवा.”

एकतीस वर्षं लोक बाईंसाठी उठून उभे राहिले होते. आज बाई उठल्या. कुणाचाही हात न धरता लंगडत दाराशी गेल्या, अक्काच्या कंबरेवरची पिशवी काढून घेतली आणि तिला स्टुलाकडे घेऊन आल्या.

“अगं, मला कशाला? मला काय धाड भरलीय?” हौसाक्का अंग चोरत म्हणाली. “माझं पाय चांगलं हायेत म्हणावं त्याला!”

“बाची,” रजनीबाईंनी इंग्रजीत सांगितलं, “ती म्हणतेय, तिचे पाय चांगले आहेत.”

गाबोर बाचींनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

“म्हणूनच.”