महोत्सवातली तिरडी

"इथं, आप्पा? आणि हेच कळक?"

स्टॉलच्या तोंडाशी उभ्या केलेल्या बांबूच्या कळकाची दोरी आप्पांनी कोयत्यानं कापली. कळक खाली आला.

"मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकलं."

दुसरी दोरी कापली. दोन कळकांच्या मध्ये टांगलेली रंगीत फळी मातीत पडली.

निरंजननं ती उचलली नाही. तो नुसता बघत राहिला.

बसलिंग आप्पा हे बुरूड आळीतले सगळ्यांत जुने कारागीर. वय त्र्याहत्तर. निरंजन त्यांचा शिष्य. डिझाइनची पदवी घेऊन पुण्याहून आला आणि अडीच वर्षं त्यांच्या ओसरीवर बसून बांबूचं काम शिकला. हात चांगला होता. आपला हात चांगला आहे, हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

जिल्ह्याच्या हस्तकला महोत्सवात बुरूड आळीला तीन वर्षं जागा मिळाली ती शौचालयांच्या बाजूला. पुढची रांग व्यापाऱ्यांची. तिथं कारखान्यातला माल 'हातानं बनवलेला' अशा पाट्या लावून विकला जायचा आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा निरंजननं अर्ज लिहिले, खेपा घातल्या, भांडला आणि पहिल्या रांगेतला सात नंबरचा स्टॉल मिळवला.

बारा वाजता उद्घाटन होतं. मोठ्या हॉटेलांची खरेदी बघणाऱ्या एक बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. निरंजनचे बांबूचे दिवे त्यांनी फोटोत पाहिले होते. हातात घेऊन पाहिले आणि पसंत पडले, तर चारशे दिवे. आळीतल्या सहा घरांना वर्षभराचं काम.

साडेदहाला स्टॉलसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. हातात वीस रुपयांचं प्रवेश तिकीट.

त्याचं नाव रोहिदास. त्याचा थोरला भाऊ सटवाजी मांडव घालणाऱ्या टोळीत होता. आदल्या संध्याकाळी पुढच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताची कमान बांधताना तो वरून पडला. कमरेला दोर नव्हता. खाली जाळी नव्हती. सकाळी सरकारी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

कमान दुसऱ्या माणसाला चढवून पुरी करून घेतली होती. तिच्यावरचा झेंडू ताजा होता.

सटवाजीचं गाव दोन जिल्हे पलीकडं. इथं त्याला घर नाही, दार नाही, दारात जमणारी माणसं नाहीत. तिरडीचं सामान घ्यायला रोहिदास बुरूड आळीत गेला, तर आळी बंद. सगळे बुरूड महोत्सवात. म्हणून तो महोत्सवात आला. कशासाठी आलोय ते त्यानं फाटकावर सांगितलं. तिकिटाशिवाय कुणालाच सोडता येत नाही, असं त्याला उत्तर मिळालं.

भावाच्या तिरडीसाठी माणसानं तिकीट काढलं. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांचा आकडा महोत्सवानं नंतर अभिमानानं छापला. त्यात हा माणूसही धरलेला आहे.

रोहिदास म्हणाला होता, "बांधायचं आमच्यात कुणाला येत नाय, मालक. बांधूनच द्या."

आप्पांनी त्याला बसायला पाट दिला आणि कोयता घेतला. लांब कळक स्टॉलवर दोनच होते. निरंजननं दर्शनी भागात उभे केलेले, तेल लावून चमकवलेले.

"मी बांधू नका म्हणत नाही," निरंजन आता खालच्या आवाजात बोलू लागला. "मागं जाऊन बांधू. शौचालयांच्या बाजूला मोकळी जागा आहे. कुणाला दिसणार नाही."

"ठाऊक आहे. तीन वर्षं बसलोय तिथं."

"आप्पा..."

"तिथून उठवून पुढं कुणी आणलं मला?"



तेवढ्यात महोत्सवाचे व्यवस्थापक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. ते ओरडले नाहीत. अशी माणसं ओरडत नाहीत. महोत्सवाला झाल्या घटनेचं फार दुःख आहे, असं त्यांनी रोहिदासला सांगितलं. त्याचं नाव मात्र विचारलं नाही. मग आप्पांकडं वळून समजावणीचा सूर लावला. आज मंगल दिवस आहे, पाहुणे येणार, फोटो निघणार. मागच्या फाटकाशी टेम्पो उभा करतो, त्याचं भाडंही महोत्सव देईल. सामान तिकडून न्यावं.

आप्पा आडव्या टाकायच्या कामट्या, बांबू चिरून काढलेल्या पट्ट्या, मापत होते. मापता मापताच त्यांनी विचारलं, "पडला कुठं तो?"

"अं?"

"ह्याचा भाऊ. कुठं पडला?"

"कमानीपाशी."

"पुढच्या दारात मेला. मागच्या दारानं जाऊ दे म्हणता."

व्यवस्थापकांचा सूर बदलला. आता ते निरंजनशी बोलले. बाराच्या आत हे इथून हललं नाही, तर सात नंबरचा स्टॉल महोत्सवाच्या यादीत नसेल. यंदा नाही आणि पुढंही नाही. एवढं बोलून ते निघून गेले. जाताना मातीत पडलेल्या फळीवरून पाय टाकून गेले.

निरंजन आप्पांच्या समोर उकिडवा बसला.

"ऐकलंत ना? मग आत्ता, या क्षणी उचलू. मी धरतो. अजून काही बांधलेलं नाही."

आप्पांनी पहिली कामटी दोन कळकांवर आडवी टाकली. काथ्याची दोरी तिच्यावरून घेतली, खालून काढली आणि गाठ आवळली.

निरंजननं डोळे मिटून घेतले.

आप्पांच्या घराण्यात रीत आहे. पहिली गाठ बसली की तिरडी पुरी होईपर्यंत जागेवरून हलवायची नाही. पुरी झाली की रिकामी असली तरी चौघांनीच उचलायची. अडीच वर्षांत निरंजननं ही रीत दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा तो ओसरीवरून उठून आत गेला होता.

"मुद्दाम केलंत."

"हो."

"सहा घरं आहेत, आप्पा. गंगव्वाचं घर आहे. तुमच्या पुतण्याचं आहे. चारशे दिवे म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय ना? मला स्वतःला काही नको. त्या घरांसाठी म्हणतोय."

"त्या घरांत माणसं मरत नाहीत?"

"मरतात. पण उद्घाटनाच्या मांडवात त्यांची तिरडी बांधत नाहीत."

आप्पांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत शांती बिंती काही नव्हती. राग होता. तो त्यांनी झाकलाही नाही.

"त्या फळीवर काय लिहिलंयस?"

निरंजननं मातीतल्या फळीकडं पाहिलं.

"मला वाचता येत नाही. तूच वाचून दाखवलं होतंस. पुन्हा वाच."

"आप्पा, सोडा ना."

"वाच."

निरंजननं फळी उचलली. माती पुसली. अक्षरं त्यानं स्वतः रंगवली होती. सकाळपासून दहाबारा जणांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले होते.

"बांबू..." तो म्हणाला. "पाळण्यापासून अखेरच्या प्रवासापर्यंत."

"खोटं आहे?"

"नाही."

"मग दोरी धर."

बघे जमायला लागले होते, पण लांब उभे होते. एका गृहस्थांनी त्यातूनही पुढं येऊन दोन दिव्यांचा भाव पाडून मागितला. तिसरा जोडून दिला तर बघू, म्हणाले. बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. काय बांधलं जातंय ते कळल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि दिवा उलटा ठेवून निघून गेले.

आप्पांनी दोरीचं टोक निरंजनच्या हातात दिलं होतं.

निरंजननं गाठ मारली. सुबक गाठ. दिव्यांच्या काठाला तो मारायचा तीच, फुलासारखी. पाहुण्या बाईंना फोटोत तीच फार आवडली होती.

आप्पांनी बोटाच्या एका झटक्यानं ती सोडवली.

"ही दिसायला आहे. ही माणूस धरत नाही."

"दुसरी मला येत नाही. तुम्ही शिकवली नाहीत."

"अडीच वर्षं वही घेऊन बसलास. पेराचं विचारलंस, रंगाचं विचारलंस, माझ्या आज्याचं नाव विचारलंस. हे विचारलं नाहीस."

निरंजनचा चेहरा लाल झाला. तो उठून टेबलाच्या पलीकडं गेला. दिवे सरळ करू लागला. ते सरळच होते.

आप्पांनी एकट्यानं सगळ्या गाठी मारल्या. मग सुरी घेऊन आडव्या कामट्या तासायला बसले. प्रत्येक कामटी. वरची बाजू, कडा, पुन्हा वरची बाजू. अंगठा फिरवायचा, कुसळ लागलं की सुरी लावायची.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा.

टेबलापलीकडून निरंजन बघत होता. त्याला राहवेना.

"हे कशाला, आप्पा? दोन तासांत जळणार ते. आता कुणाला टोचणार आहे?"

आप्पांचा हात थांबला.



पाटावर बसलेला रोहिदास इतका वेळ दगडासारखा होता. तो तिकिटाची घडी घालत होता, उलगडत होता. खाली बघूनच तो म्हणाला, "पाठ लई दुखायची त्याची. रोज शिडीवर चढायचं असायचं. झोपताना म्हणायचा, खाली काहीतरी मऊ टाक."

आणि मग तो रडला. सकाळपासून पहिल्यांदा.

आप्पांनी पुन्हा पहिल्या कामटीपासून सुरुवात केली.

शेजारच्या स्टॉलवर सोजरबाई गोधड्या विकायला बसल्या होत्या. त्या उठल्या. थप्पीतली एक गोधडी ओढून काढली आणि रोहिदासच्या हातात दिली. किंमत लिहिलेली चिठ्ठी त्यांनी आधी दातानं तोडली.

निरंजननं हातातला दिवा फिरवला. बाहेरून काचेसारखा गुळगुळीत. आतून बोटं घातली. काही तरी टोचलं. त्यानं हात बाहेर काढला आणि बोटाकडं बघत राहिला.

बाराला पाच मिनिटं असताना कमानीपाशी सनईची ध्वनिफीत लागली. पाहुण्यांची गाडी आली. बाई उतरल्या, त्यांना ओवाळलं, फोटो निघाले. कमान बांधताना एक माणूस मेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. व्यवस्थापक त्यांना उलट्या बाजूनं, वीस नंबरकडून आत नेऊ लागले. पण बाईंच्या हातात दिव्यांचा फोटो होता. त्यांनी काहीतरी विचारलं असावं. त्या थांबल्या आणि सात नंबरकडं बघू लागल्या.

तिरडी पुरी झाली होती.

रोहिदासनं विचारलं, "कुठनं न्यायची, मालक?"

आप्पांनी कोयत्यानं कमान दाखवली.

कोयता कमरेला खोचून ते पुढच्या टोकाशी गेले. त्यांच्या शेजारच्या टोकाशी रोहिदास. सोजरबाईंनी पदर खोचला.

"बाईचा हात चालंल का, आप्पा?"

"हाताला काय झालंय?"

सोजरबाई मागच्या एका टोकाशी आल्या. तिघं झाली. चौथं टोक मातीत.

लांबून व्यवस्थापक निरंजनकडं बघून मान हलवत होते. नको. त्यांनी हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं थांब, बाईंना घेऊन येतो.

बघ्यांतला एकही पुरुष पुढं आला नाही. धडधाकट पुरुष. पर्यावरणाचं कौतुक करत बांबूचे पेले घेतलेले पुरुष. काहींनी मोबाइल वर धरले होते.

आप्पांनी निरंजनला हाक मारली नाही. वळूनही बघितलं नाही.

निरंजननं दिवा टेबलावर ठेवला. तो टेबलामागून बाहेर आला. चौथ्या टोकाशी येऊन वाकला. वाकल्यावर त्याचा आवाज फुटला.

"आप्पा... उद्या आपल्याला इथं जागा नसेल. कुठंच नसेल. त्या सहा घरांना मी काय सांगू?"

"डावा खांदा दे," आप्पा म्हणाले. "उजव्या हाताला उद्या काम आहे, गाठ शिकायचं."