चार स्क्रूंचं कव्हर

“पडलं तरी फुटणार न्हाई, ह्यात वाईट काय हाय, तेवढंच सांगा अप्पा.”

मन्मथ मघापासून हेच विचारत होता. मठाचे स्वामी, आमचे अप्पा, डोळे मिटून बसले होते. ऐकत होते का झोपले होते, देव जाणे.

सकाळची वेळ. मठाच्या ओसरीवर मी खांबाला टेकून तूर पाखडत होते. मठाचा स्वयंपाक माझ्याकडं असतो, त्यामुळं ओसरीवर कोण काय बोलतं ते मला आपोआप कळतं. कानात बोळे घालून का बसायचं?

मन्मथचं निलंगा रोडला गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. हाताला कसब आहे, नाही असं नाही. मठाचं लोखंडी फाटक त्यानंच केलं. ते उघडायला दोन माणसं लागतात, पण हे त्याच्या तोंडावर सांगायची सोय नाही.

तर ह्या मन्मथनं लेकीच्या मोबाईलला अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर केलं होतं. विकतचं नाही. पत्रा स्वतः कापला, कानस मारली, चार कोपऱ्यांना चार स्क्रू आवळले आणि स्क्रू ड्रायव्हर आपल्या खिशात ठेवला.

लेक नीलांबिका समोरच उभी होती. एका हातात उघडा मोबाईल, दुसऱ्या हातात सुटं झालेलं कव्हर. स्क्रू तिनं भाजी चिरायच्या सुरीनं काढले होते. सुरीचं टोक मोडलं म्हणून तिची आई वेगळीच चिडलेली.

येत्या सोमवारी नीलाला सोलापूरच्या नर्सिंग कॉलेजात हजर व्हायचं होतं. मन्मथ म्हणे, कव्हर लाव, मगच पाठवतो. नीला म्हणे, जाणार, आणि कव्हर लावणार नाही. सोमवार चुकला की तिची जागा दुसरीला जाणार. शेवटी अप्पा सांगतील ते ऐकायचं, असं ठरवून दोघं आले होते. तोंडं मात्र दोन दिशांना.

अप्पांनी डोळे उघडले.

“चांगलं काय, ते सांग आधी.”

“मजबुती!” मन्मथनं कव्हर लेकीच्या हातातून घेतलं आणि फरशीवर ठक्कन आपटलं. “बगा. चीर न्हाई. मी घराच्या माळवदावरून खाली टाकून दाखवलं हिला, आत मोबाईल असताना. चालू राहिला का न्हाई गं?”

“राहिला,” नीला म्हणाली.

“अन् वाईट?” अप्पांनी विचारलं.

“वाईट काहीच न्हाई.”

“रेंज येत नाही,” नीला म्हणाली. “कॉलेजातून फोन आला, तो मला लागलाच नाही. शेजारच्या ललिताकाकूंचा नंबर दिला होता म्हणून जागा मिळाली, नाहीतर गेलीच होती.”

“अंगणात आलं की येतीय रेंज.”

“म्हणजे मी सोलापुरात अंगण शोधत फिरू? वर उन्हात तव्यासारखं तापतं.”

“सावलीत ठिवावं.”

“जड आहे.”

“सवय होतीय.”

प्रत्येकाला उत्तर तयार. मला सुपानं हाणावंसं वाटलं त्याला, खरं सांगते.

नीलानं मोबाईल उलटा करून अप्पांसमोर धरला. पाठीवर ओरखडेच ओरखडे. “हे पडून नाही झालेलं. वाळूचा कण आत गेला, वरून ह्यांचे स्क्रू आवळलेले. तो आतल्या आत घासत राहिला. बाहेरून कव्हर चकचकीत, म्हणून कळलंच नाही.”

मन्मथनं ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “पाठ कोन बगतंय?”

अप्पा हसले. फार नाही, जरासंच.

“मन्मथ... भ्या कशाचं वाटतंय रे तुला?”

“मला कशाचं भ्या!”

अप्पांनी त्याच्यावरची नजर हलवली नाही. त्यांचं असं बघणं फार वाईट. समोरच्याला बोलावंच लागतं.

“मागल्या वर्षी,” मन्मथ फरशीकडं बघत म्हणाला, “परीक्षेला गेलती लातूरला. स्टँडवर मोबाईल हातातून पडला, बंद पडला. मी इकडून लावतोय, लावतोय... बंद. गाडी काढून गेलो. फलाट बगितले, बाहेरची हाटेलं बगितली. दिसंल त्याला विचारतोय, अशी अशी पोरगी बगितली का. लोक माज्याकडं कसे बगत होते, अप्पा...”

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मघाशी ज्यानं हाणावंसं वाटलं होतं, ते सूप मी बाजूला ठेवलं. बापाचा जीव आहे, कितीही आडमुठा असला तरी.

“अण्णा, मी हरवले नव्हते,” नीला म्हणाली. आवाज खाली आला होता, पण मान नाही. “चहावाल्याच्या फोनवरून मी तुम्हालाच लावत होते. तुमचा एंगेज लागत होता. कारण तुम्ही माझ्या बंद फोनवर लावत होता.”

“म्हनून तर! फुटलाच नसता तर...”

“फुटला, तरी मी घरी आले ना?”

बाहेर त्या फाटकाशी कुणीतरी झटत होतं.

“पूजा झाली का आज?” अप्पांनी विचारलं.

मन्मथ गोंधळला. “झाली की.”

“दाखव.”

आमच्या लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं, छातीशी, डबीत घालून. आंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. हीच पूजा. लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं.

मन्मथनं शर्टातून डबी काढली. चांदीची, चांगली जाडजूड. झाकण निसटू नये म्हणून त्यानं स्वतः त्याला आटे पाडून घेतले होते. सगळ्या गावाला दाखवून झालं होतं तेव्हा.

त्यानं झाकण फिरवलं. फिरेना.

शर्टाच्या टोकात धरून फिरवलं. दातओठ खाऊन फिरवलं. कपाळावर घाम आला. झाकण जागचं हललं नाही.

“जाम झालंय,” तो म्हणाला. “पकड लावली की निघंल.”

“कधीपासून, मन्मथ?”

“डबीला हात लावून नमस्कार करतोय की रोज. न चुकता. कामाच्या गडबडीत...”

“म्हंजे बघितलं न्हाईस.”

“आत शाबूत हाय, अप्पा! मी कदी पडूच दिलं न्हाई.”

“बघितलंस?”

मन्मथनं डबी मुठीत घट्ट धरली.

अप्पांनी आपल्या गळ्यातली गाठ सोडली. त्यांचं लिंग साध्या पांढऱ्या फडक्यात असतं. थरथरत्या बोटांनी फडकं उलगडलं आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. वरचा काळा लेप एका अंगानं उडालेला होता, नखाएवढा. मी इतकी वर्षं मठात राबते, मीसुद्धा इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

“हे काय!” मन्मथ उठूनच उभा राहिला.

“पडलं.”

“कुनाच्या हातून?”

“माझ्याच. दुसरं कोन हात लावतंय त्याला?”

“अप्पा, हळू बोला. लोक ऐकतील.”

“ऐकू दे की. चन्नव्वा ऐकतीच हाय.”

मी तूर पाखडायला लागले. जोरात.

“मठाचे लोक आलते मला सांगायला,” अप्पा म्हणाले. “अप्पा, हात कापतोय तुमचा, आता डबीत ठिवा, वरूनच नमस्कार करा. शोभत न्हाई म्हनले, स्वामीच्या हातून पडनं. मी म्हनलं, हात कापतोय म्हनून घ्यायचं सोडू? जा म्हनलं, न्हाई सोडत. रोज हातावर घेतलं तर कधीतरी पडनारच.”

असं चारचौघांत कुठला स्वामी बोलतो? माझ्या अंगावर काटा आला. आणि बरंही वाटलं, का ते सांगता येणार नाही.

नीलानं ओढणीच्या टोकानं आपला ओरखडलेला मोबाईल पुसला. कव्हर बापापुढं सरकवून ठेवलं.

“मी सोमवारी जाते, अण्णा. असाच घेऊन. तुम्ही स्टँडवर सोडायला आलात तर मला आवडेल. नाही आलात तरी जाणार.”

मन्मथ तिच्याकडं बघत राहिला. मग अप्पांच्या पुढं येऊन गुडघ्यावर बसला. डबी मुठीत तशीच.

“अप्पा, मोबाईलचं सोडा. फुटू दे फुटला तर. पन तिथं परक्या गावात हीच पडली, तर?”

अप्पांनी फडक्याची घडी घातली. सावकाश गाठ मारली.

“पडंल की,” ते म्हणाले. “तू त्या डबीचं झाकन फिरव, अन् आत बघ.”